काश्मीरची सहल हवी, पण दुकानाच्या भांडवलावर नको

एप्रिल उजाडला की जवाहरनगरच्या बाजारात एक विषय हमखास निघतो. फॅक्टरीतला अमुक बाबू यंदा काश्मीरला चालला, तमुक फोरमन गेल्या साली सहकुटुंब गुलमर्गला जाऊन आला, बर्फातले फोटो त्याने दुकानात उभ्या उभ्या दाखवले. भंडारा-नागपूर महामार्गालगतच्या या वसाहतीत आयुध निर्माणीचे कर्मचारी हेच मोठे गिऱ्हाईक. किराणा असो, कापड असो, शिलाई, भांडी, गॅरेज की मटणाचे दुकान, गल्ला त्यांच्या पगाराच्या तारखेवर चालतो. गिऱ्हाईक बर्फ पाहून येते आणि दुकानदाराच्या घरात प्रश्न उभा राहतो, आपण कधी जायचे?

प्रश्न रास्त आहे. मेमध्ये विदर्भात पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याखाली शिलाई मशीन चालवणाऱ्याला आणि भट्टीपुढे बसणाऱ्याला थंड हवेची गरज बाबूपेक्षा कमी नाही, उलट जास्तच. पण या प्रश्नाचे जे उत्तर आमचे काही व्यापारी बांधव अलीकडे काढू लागले आहेत, ते आम्हाला धोक्याचे वाटते. गिऱ्हाईक ज्या महिन्यात जाते त्याच महिन्यात जायचे, ज्या प्रकारचे पॅकेज घेते तेच घ्यायचे, आणि पैसा कमी पडला तर वैयक्तिक कर्ज किंवा हप्त्याची योजना आहेच. ‘आधी फिरून या, मग सावकाश भरा’ अशा जाहिराती आता प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात.

आधी गिऱ्हाइकाचा आणि आपला हिशेब वेगळा कसा, ते पाहू. आयुध निर्माणीच्या कर्मचाऱ्यांना केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांप्रमाणे प्रवास सवलत, म्हणजे एलटीसी, मिळत आली आहे. चार वर्षांच्या टप्प्यात एकदा देशात कुठेही जाण्याचे भाडे सरकार देते. जम्मू-काश्मीरसाठी तर विमानाची खास मुभाही वेळोवेळी मिळत गेली. वर रजा भरपगारी. ही सवलत कुणी फुकटची समजू नये. स्फोटकांशी रोजचा संबंध असलेली ही माणसे आहेत. २४ जानेवारी २०२५ रोजी याच फॅक्टरीत झालेल्या स्फोटात किमान आठ जण मृत्युमुखी पडले, हे जवाहरनगरला वेगळे सांगायला नको. मुद्दा एवढाच की त्यांची सहल पगारातून आणि सवलतीतून होते. आपली गल्ल्यातून होते. शिवाय बाबू आठ दिवस गेला तरी त्याचा पगार चालू, आणि आपण आठ दिवस गेलो तर कुलूप.

त्यातही एक गोष्ट आमच्या बांधवांच्या लक्षात येत नाही. एलटीसी फक्त जाण्यायेण्याचे भाडे देते. हॉटेल, जेवण, घोडा, शिकारा, खरेदी हे सगळे त्या बाबूलाही पदरचेच करावे लागते. म्हणून शहाणा कर्मचारीही तिथे हात राखून खर्च करतो. आपण मात्र त्याचे फोटो पाहतो, त्याचा हिशेब पाहत नाही.

आता कर्जाचे गणित मांडू. समजा सहलीसाठी एक लाख रुपये उचलले, दर वर्षाला सोळा टक्के, मुदत दोन वर्षे. महिन्याचा हप्ता चार हजार नऊशेच्या आसपास बसतो आणि दोन वर्षांत व्याजापोटी साडेसतरा हजार रुपये जातात. प्रक्रिया शुल्क आणि विमा म्हणून जे कापून घेतात ते निराळे. व्याज हराम आहे हे आमच्या वाचकाला शिकवण्याची गरज नाही. पण जो बांधव ‘मजबुरी’ म्हणून पळवाट काढतो त्याला आम्ही विचारतो, आजारपणासाठी घेतलेले कर्ज आणि बर्फात खेळण्यासाठी घेतलेले कर्ज यांत काही फरक आहे की नाही? आणि निव्वळ धंद्याच्या नजरेने पाहिले तरी, सहल आठ दिवसांत संपते आणि हप्ता चोवीस महिने चालतो. त्या चोवीस महिन्यांत दोन वेळा ईदचा सीझन येणार. सीझनला माल भरण्यासाठी जी रक्कम हाताशी हवी ती हप्त्यात गेली, की माल उधारीवर उचलावा लागतो, आणि घाऊक व्यापारी उधारीच्या मालावर रोखीचा भाव देत नाही. तो फरक कुणाच्या वहीत लिहिला जात नाही, पण खरा तोटा तिथेच होतो.

दुसऱ्या टोकालाही काही मंडळी आहेत. त्यांच्या मते सहल म्हणजे निव्वळ इसराफ, फजुलखर्ची. एवढ्या पैशात उमरा होईल, असे ते म्हणतात. उमऱ्याची नियत असेल तर जरूर करावा, अल्लाह कबूल करो. पण आम्ही असेही पाहतो की उमऱ्याचे नाव पुढे करून सहल टाळली जाते आणि उमराही होत नाही. मधल्या काळात तीच रक्कम लग्नाच्या मांडवात आणि डीजेत जाते. जमिनीवर फिरून अल्लाहची निर्मिती पाहण्याची, आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहण्याची ताकीद कुरआनात आहे. आणि आमच्या घरातल्या स्त्रियांचा विचार केला तर हा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही. माहेर, नातलगांची लग्ने आणि दवाखाना यांपलीकडे ज्यांनी प्रवास केला नाही अशा किती तरी माता-भगिनी आमच्या समाजात आहेत. पुरुष मालखरेदीच्या निमित्ताने नागपूर, सुरत, मुंबई पाहतो. बाईला ते निमित्तही नाही. तेव्हा सहल झाली पाहिजे. ती कशी झाली पाहिजे, एवढाच वाद आहे.

व्यापाऱ्याला खरे तर ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. कोणता माल कोणत्या महिन्यात स्वस्त मिळतो हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याने हॉटेलची खोली भर सीझनमध्ये घ्यावी हे आश्चर्यच. काश्मीरचा भाव चढतो तो श्रीनगरच्या ट्यूलिप बागेच्या दिवसांत, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिल, आणि मग मे-जूनच्या शाळेच्या सुट्टीत. बर्फाच्या हौशींमुळे डिसेंबरअखेरीस गुलमर्ग पुन्हा महागते. जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेमुळे पहलगामच्या बाजूला गर्दी आणि बंदोबस्त असतो. मग राहिले काय? सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पूर्वार्ध. सफरचंदे उतरतात, चिनार लाल होतात, हवा कोरडी आणि थंड, आणि हॉटेलवाला गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो.

आता आपले दिवस पाहा. जवाहरनगरच्या बाजारात दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस हे कमाईचे. बोनस हातात असतो, कापड, शिलाई, किराणा, भांडी सगळेच चालते. भाऊबीज झाली की बाजार एकदम सुस्तावतो. शाळांची दिवाळीची सुट्टी मात्र अजून आठ-दहा दिवस बाकी असते. म्हणजे गल्ल्यात पैसा आहे, दुकानात गर्दी नाही, मुलांना शाळा नाही आणि काश्मीरला सीझन नाही. चारही गोष्टी एकत्र येणारे असे दिवस वर्षात दुसरे नाहीत. पगारदार माणूस मेमध्ये जातो कारण त्याची रजा, मुलांची सुट्टी आणि उन्हाळा यांचा मेळ तिथे बसतो. आपला मेळ भाऊबिजेनंतर बसतो. तेव्हा बर्फ कदाचित अफरवटच्या माथ्यावरच दिसेल, गुलमर्गच्या कुरणात नसेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे म्हणजे तिथे रुसवे नकोत. रमजान आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत जातात, तेव्हा टेलर आणि कापडवाल्यांनी आपले कॅलेंडर दर दोन-तीन वर्षांनी नव्याने मांडावे लागेल, ही गोष्ट वेगळी.

तारीख ठरली की पहिला खर्च प्रवासाचा. नागपूरहून जम्मू-कटऱ्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या थेट गाड्या आहेत. हिमसागर आणि अंदमान एक्स्प्रेस ही नावे नागपूर स्टेशनवर सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या रोज नसतात, म्हणून वार पाहून घ्यावा. नाही जमले तर दिल्लीला गाडी बदलावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते, पूर्वीसारखे एकशेवीस दिवस आधी नाही. तेव्हा भाऊबिजेनंतर जायचे तर गणेशोत्सवाच्या सुमारासच तिकिटाची तयारी हवी. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारामधल्या मुलाला वेगळी बर्थ मागितली तर पूर्ण भाडे, न मागितली तर अर्धे. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे अब्बा-अम्मींचे तिकीट पूर्ण धरूनच बेत करावा.

६ जून २०२५ रोजी कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, ही आपल्यासारख्यांसाठी मोठी गोष्ट आहे. पूर्वी जम्मूहून श्रीनगरला घाटरस्त्याने दिवस जात असे, दरड कोसळली तर मुक्काम पडत असे, आणि तो त्रास नको म्हणून साधा माणूसही विमानाकडे वळत असे. आता सुमारे तीन तासांत श्रीनगर. सुरुवातीचे साध्या चेअर कारचे भाडे ७१५ रुपये होते. वाटेत चिनाब नदीवरचा पूल लागतो, नदीपासून ३५९ मीटर उंच. मुलांना दाखवण्यासारखे याहून मोठे काय असणार, आणि त्याचे वेगळे तिकीट नाही.

पॅकेजबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. प्रथमच जाणारे वृद्ध जोडपे असेल, भाषेची अडचण असेल, तर पॅकेज घ्यावे. आमच्या व्यापाऱ्याला भाषेची अडचण नाही, तो उर्दू-हिंदीत दिवसभर भाव करतो. मग मधल्या माणसाला नफा कशासाठी? पॅकेज घ्यायचेच असेल तर त्यात काय नाही, हे आधी विचारावे. बहुतेक वेळा दुपारचे जेवण नसते, गुलमर्गच्या गंडोल्याचे तिकीट नसते, घोडा नसतो. आणि सर्वांत चकवणारी गोष्ट पहलगामची: श्रीनगरहून नेलेली गाडी तिथे उभी राहते, आरू, चंदनवाडी आणि १९८३ च्या चित्रपटावरून नाव पडलेली बेताब व्हॅली इथे जायला तिथल्याच युनियनची गाडी वेगळी घ्यावी लागते. स्वस्त वाटलेले पॅकेज इथेच महाग होते.

गंडोल्याचे तिकीट जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या ऑनलाइन खिडकीवरून आपण स्वतः काढावे. दलालाकडून घेतलेले तिकीट दुप्पट पडू शकते. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे तीन हजार मीटर. दुसरा अफरवटकडे, जवळजवळ चार हजार मीटर. लहान मुले आणि दम्याचे रुग्ण असतील तर दुसरा टप्पा टाळावा, पैसाही वाचेल आणि धापही लागणार नाही. रात्रीचा मुक्काम गुलमर्गमध्ये करण्याची जरूर नाही. खाली तेरा किलोमीटरवर टंगमर्ग आहे, तिथे खोली स्वस्त. श्रीनगरहून तिथपर्यंत माणशी भाड्याच्या सुमो चालतात, ज्यांत तिथले लोकही बसतात. लोकरी कोट आणि गमबूट तिथे भाड्याने मिळतात. नागपूरहून हजारोंचे जॅकेट घेऊन जाणारा बांधव ते पुन्हा कधी घालणार आहे? भंडाऱ्यात?

खोलीच्या भावाबाबत एक हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. हॉटेलवाला जुन्याच दराने कर लावत असेल तर बिल मागावे. आपण स्वतः जीएसटी भरणारे लोक, आपल्याला लाज वाटण्याचे कारण नाही. मोबाइलचेही आधीच पाहावे. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. सगळा पैसा फोनमध्ये ठेवून गेलेल्याची तिथे फजिती होते. घरातला एक नंबर जाण्याआधी पोस्टपेड करून घ्यावा आणि थोडी रोकड दोघा-तिघांत वाटून जवळ ठेवावी.

जेवणाबाबत तर आपली काही अडचणच नाही. हलालची चौकशी करत फिरण्याची वेळ काश्मीरमध्ये येत नाही. सकाळी कोणत्याही मोहल्ल्यातल्या कांदरूच्या, म्हणजे नानबाईच्या, तंदुरावरून गरम गिर्दा किंवा लवासा घ्यावा, सोबत मिठाचा चहा. चार माणसांचा नाश्ता हॉटेलातल्या एका थाळीच्या भावात होतो. एकदा वाझवान जरूर खावा, एका त्रामीत चौघांनी बसून, जसे तिथे खातात. बाकी दिवस साधे जेवण. पॅकेजवाल्या हॉटेलात रोज रात्री तेच पनीर आणि तीच दालफ्राय खाऊन, वर त्याचे पैसे मोजून येणारे आमचे बांधव आम्हाला कळत नाहीत.

काटकसर म्हणजे हलकेपणा असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक माहिती. स्वित्झर्लंड जगातल्या अत्यंत महागड्या देशांपैकी एक. तिथे आईबापांजवळ रेल्वेचा पास असला तर सोळा वर्षांखालील मुलांना फॅमिली कार्डावर त्यांच्यासोबत फुकट प्रवास मिळतो. तिथले श्रीमंत लोकही सुपरबाजारातून पाव आणि चीज घेऊन डोंगरावर जातात, गावातल्या कारंज्याचे पाणी बाटलीत भरतात. आल्प्समध्ये कुणाला त्याची शरम वाटत नाही.

मात्र काटकसर कुणाकडून करायची, हे आम्हाला खर्चाच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे वाटते. आमचा व्यापारी भाव पाडण्यात पटाईत आहे आणि हॉटेलशी, गाडीच्या एजंटशी त्याने जरूर घासाघीस करावी. पण घोडेवाला, शिकारावाला, ढकलगाडीवर पोरे बसवून ओढणारा हा मजूर आहे. घोड्याचे आणि शिकाऱ्याचे सरकारी दर ठरलेले असतात, फलकावर लावलेले असतात. फलकापेक्षा जास्त मागितले तर देऊ नये. फलकावरचा दर मागितला तर त्यातून शंभर रुपये तोडण्यात पुरुषार्थ मानू नये. हिवाळ्याचे चार महिने त्याच्या घोड्याला काम नसते आणि चारा मात्र रोज लागतो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी सव्वीस निरपराधांचे जीव घेतले. मारले गेलेल्यांत आपल्या महाराष्ट्राचे पर्यटक होते आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा सय्यद आदिल हुसेन शाह हा तिथलाच घोडेवालाही होता. त्या हत्याकांडानंतर खोऱ्यातील पर्यटक एका रात्रीत परतले, अनेक स्थळे सरकारने बंद केली, पुढे काही टप्प्याटप्प्याने उघडली. मरणाऱ्यांच्या घरांचे दुःख वेगळेच; पण घोडेवाले, शिकारेवाले, शालवाले यांची चूल त्या वर्षी कशी पेटली असेल हे सीझन बुडालेल्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. जाण्यापूर्वी कोणती ठिकाणे खुली आहेत याची चौकशी श्रीनगरच्या पर्यटन स्वागत केंद्रात करावी आणि पोलिसांनी मनाई केलेल्या जागी हट्टाने जाऊ नये.

फुकट किंवा अल्प खर्चात पाहण्यासारखे श्रीनगरात पुष्कळ आहे, आणि नेमके तेच पॅकेजवाले घाईत उरकतात. जहांगीर बादशाहाने १६१९ साली वसवलेला शालिमार बाग, निशात, हजरतबल, नौहट्ट्याची जामा मशीद. सुलतान सिकंदरच्या काळात उभी राहिलेली ही मशीद देवदाराच्या तीनशेहून अधिक खांबांवर तोललेली आहे. आमच्या सुतार बांधवांनी ते खांब जवळून पाहावेत. झेलमच्या काठी मीर सय्यद अली हमदानी यांच्या नावाची खानकाह आहे. इराणकडून आलेल्या या बुजुर्गांसोबत चौदाव्या शतकात अनेक कारागीर आले आणि काश्मीरच्या हस्तकलांना त्यांनी वळण दिले, असे परंपरा सांगते. कसर नमाजेची सवलत मुसाफिराला आहेच, जुम्मा मात्र जामा मशिदीत साधला तर मुलांच्या जन्मभर लक्षात राहील.

आणि भंडाऱ्याच्या माणसाने जैना कदलच्या बाजारात अर्धा दिवस काढल्याशिवाय परतू नये. भंडारा जिल्हा पितळी भांड्यांचा. स्टीलने आणि पुढे कारखान्याच्या मालाने आपल्या ठोक्यांच्या भांड्यांचे काय केले ते आपण पाहिले आहे. जैना कदलला तांब्याचे समोवार, त्रामी, तश्तनारी हातोडीने घडवणारे कारागीर अजून बसतात. यंत्राच्या मालाने त्यांनाही घेरले होते, म्हणून २००६ साली तिथे ठराविक तांब्याची भांडी यंत्रावर बनवण्यास मनाई करणारा कायदा झाला होता. कायद्याने सगळे सुटले असे नाही. यंत्रावरचा माल बाजारात आला तो आलाच. परंतु लग्नात मुलीला हातघडणीचे तांबे द्यायचे ही रीत समाजाने टिकवली, म्हणून हा धंदा तगला. इथे बसून ऐकण्यापेक्षा कारागिराने कारागिराशी बोलावे. त्यातून एखादा नमुना, एखादी नक्षी, एखादा घाऊक पत्ता हाती लागला तर सहलीचा काही खर्च धंद्यातच वळता होईल.

खरेदीत मात्र सावध. पश्मिना म्हणून रस्त्यावर मिळते ती बहुतेक वेळा साधी लोकर किंवा नकली धाग्याची शाल असते. खऱ्या हातविणीच्या पश्मिन्याला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळालेला आहे आणि श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये तपासून त्यावर खुणेची पट्टी लावतात. ती नसेल तर साध्या शालीच्या भावात साधी शाल म्हणून घ्यावी. केशराचेही तेच. अंगठीतून शाल काढून दाखवणे ही परीक्षा नव्हे, तो खेळ आहे, आणि कापडवाल्याने तरी त्याला फसू नये.

आता पैसा उभा कसा करायचा? आपल्या बाजारात भिशी जुनीच आहे. बारा दुकानदारांनी महिन्याला पाच-पाच हजार घातले तर दर महिन्याला साठ हजार एकाच्या हाती येतात. पाच हजार म्हणजे महिन्यातले पंचवीस दिवस रोजचे दोनशे. ज्याला तेवढे जमत नाही त्यांनी शंभराची वेगळी भिशी करावी, वर्षाला तीस हजार होतात. पण भिशी चिठ्ठीची असावी, बोलीची नको. बोलीच्या भिशीत गरजवंत कमी रक्कम घेऊन उचल करतो आणि सुटलेला फरक बाकीचे वाटून घेतात. आमच्या मते ते व्याजच आहे, फक्त बँकेऐवजी शेजाऱ्याला दिलेले. चिठ्ठीच्या भिशीत ज्याचा नंबर आधी लागला त्याला इतरांनी कर्जे हसना दिल्यासारखे होते, ज्याचा शेवटी लागला त्याची बचत झाली. ओळखीचे, एकाच बाजारातले लोक घ्यावेत, वही लिहावी, दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. लेनदेन लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, ती दोस्तीतही आहे.

तीस हजारांत काश्मीर होणार नाही, हेही सांगून टाकतो. आणि त्यात कमीपणा काही नाही. विदर्भाचे स्वतःचे थंड हवेचे ठिकाण चिखलदरा आहे, साडेतीन हजार फुटांहून उंच, जवाहरनगरपासून तीनशे किलोमीटरच्या आत. अमरावती-परतवाडा मार्गे दिवसभरात पोहोचता येते, एमटीडीसीचे निवास आहे. पावसाळ्यात, म्हणजे आपल्या बाजाराच्या मंद दिवसांत, ते सर्वांत सुंदर दिसते. जवळच गाविलगड, बहमनी सुलतानांच्या आणि इमादशाहीच्या काळातला. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांच्या वेलस्लीने तो घेतला. आत जुनी मशीद अजून उभी आहे. मुलांना इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत मिळणारी वऱ्हाडची इमादशाही तिथे पायाखाली येते. दुसरीकडे छिंदवाड्यावरून पचमढी. दोन वर्षे चिखलदरा आणि पचमढी, तिसऱ्या-चौथ्या वर्षी काश्मीर, असा क्रम ज्याने लावला त्याच्या घरात हौसही राहील आणि गल्लाही.

एक अडचण उरते, दुकान कोण पाहणार? एकट्याचे दुकान आठ-दहा दिवस बंद राहिले तर गिऱ्हाईक शेजारी जाते आणि त्यातले काही परत येत नाही. याची सोय भिशीतच करता येते. ज्याचा नंबर लागला तो जाईल, आणि त्याच भिशीतला दुसरा सभासद किंवा त्याचा मुलगा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास त्याचे दुकान उघडेल, रोजची विक्री वहीत लिहील, उधारी देणार नाही. पुढच्या खेपेला हा त्याचे पाहील. दिवाळीनंतरच्या त्या आठ-दहा दिवसांत एकाच वेळी तिघांहून अधिक जणांनी जाऊ नये, बाकीच्यांनी पावसाळ्याचे किंवा पुढच्या सालचे दिवस घ्यावेत, एवढे भिशीच्या पहिल्याच बैठकीत ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.